सुभेदारांची स्कूटर आणि मोठा कार्बोरेटर

मित्रांनो, मी एक जुनी दोन-स्ट्रोक स्कूटर आहे. साताऱ्यात गोडोलीला एका घराच्या जिन्याखाली माझी जागा आहे. जुन्या वस्तू गोड आठवणी सांगतात असं तुम्हाला वाटत असेल. माझ्याकडे त्याही आहेत, पण गेलं वर्ष सगळं भांडणात गेलं आणि त्या भांडणाच्या मध्यभागी मी उभी होते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग आकाशी होता. पलटणीतून पेन्शनीवर आलेल्या सुभेदार सयाजींनी मला घरी आणलं. दर रविवारी ते माझा प्लग काढून घासायचे. पेट्रोलमध्ये ऑइल मापानेच घालायचे. त्यांच्या पत्नी अंजनाबाई मंडईत भाजी निवडत असायच्या आणि मी बाहेर एका लयीत चालू असायचे. "सुभेदारांची गाडी बंद पडलेली कुणी बघितली न्हाई," असं लोक म्हणायचे. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

मग सुभेदारांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते तीन महिने अंजनाबाईंच्या माहेरी, सांगलीला राहिले. इकडे त्यांचा मुलगा वीरधवल याने मला टेम्पोत घातलं आणि एका वर्कशॉपमध्ये नेलं. तिथे माझा सिलिंडर मोठा केला, कार्बोरेटर मोठा बसवला, सापासारखा वळलेला सायलेन्सर लावला. हायवेवर मी अशी पळाले, की मोटारसायकलवाले वळून बघायचे. वीरधवल माझे व्हिडिओ काढायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व झाला होता.

पण वेग कमी झाला की मला ठसका लागायचा. आचके देत देत मी भर चौकात बंद पडायचे. वर्कशॉपवाल्याने वीरधवलला सांगितलं होतं, "रेसिंगचं इंजिन हळू चालत नसतं. रेस देत राहायचं." त्यानेही ते खरं मानलं.

सुभेदार घरी आले. त्यांनी मला पाहिलं आणि काठी जिन्यावर आपटली.

"कुणाला इचारून हात लावलास रं?"

"आबा, लय भारी पळती आता. एकदा बघा तरी."

"मला पळायचं हाय व्हय? गुडघा दिसत न्हाई तुला?"

डॉक्टरांनी त्यांना हळू चालवायची परवानगी दिली होती, पण किक मारायला सक्त मनाई केली होती. एकदा कुणी मला चालू करून दिलं, की घरी येईपर्यंत मी बंद पडणार नाही, या भरवशावर ते होते. अंजनाबाईंनी अडवलं, तरी हट्टाने शेजाऱ्याकडून किक मारून घेऊन ते निघाले. पोवई नाक्यावर एसटी थांबली, म्हणून त्यांनी वेग कमी केला आणि मी मेले. मागून हॉर्न सुरू झाले. "ओ काका, घ्या की बाजूला!" कुणीतरी ओरडलं. सुभेदारांनी दात आवळून उजव्या पायाने किक मारली. दुसऱ्या किकेला त्यांचा गुडघा मुडपला आणि ते माझ्यासकट रस्त्यावर आडवे झाले.

गुडघा पुन्हा सुजला. डॉक्टरांनी दोन महिने पायाला पट्टा बांधला. सुभेदारांनी मुलाशी बोलणं टाकलं. माझ्यावरचा राग तर त्याहून मोठा होता. "भंगारवाल्याला बोलवा," ते म्हणाले. "आजच." वीरधवलही चिडला. "घाला भंगारात! तुमाला नवीन काय बघवतच न्हाई." ज्या दोघांना मी आवडत होते, ते दोघेही मला मोडायला निघाले होते.

शेवटी अंजनाबाई मध्ये पडल्या. "आवं, तुमी गप्प बसा. आणि वीरू, तू बिघडवलीस न्हवं? मग तूच नीट करून आण. तवर या घरात जेवायचं न्हाई."

सांगलीला अंजनाबाईंच्या माहेराजवळ त्यांच्या ओळखीच्या परवीनचं गॅरेज होतं. वीरधवल मला टेम्पोतून तिथे घेऊन गेला. परवीनने मला चालू केलं, माझे आचके ऐकले आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"कुणी केलं हे?"

"तुमी नुसती स्लो सेट करा. बाकीचं तुमाला कळायचं न्हाई. रेसिंगचं काम हाय."

"मग न्या तिकडंच, ज्याला कळतं त्याच्याकडं," असं म्हणून ती दुसऱ्या गाडीकडे वळली. वीरधवल अर्धा तास उन्हात उभा राहिला. मग त्याने मान खाली घालून पोवई नाक्यावर काय झालं ते सांगितलं. परवीन परत आली, पण तिचा चेहरा सैल झाला नाही.

कार्बोरेटर जिथे इंजिनला जोडला होता, त्या सांध्याला तिने चारी बाजूंनी ग्रीस थापलं. लगेच माझा श्वास थोडा सुधारला. "बघा, इथनं हवा घेतीय. पॅकिंग धड बसलंच न्हाई," ती म्हणाली. तिने जोड सोडवला, काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याचं तोंड सपाट घासलं आणि नवं पॅकिंग कापून बसवलं. तरीही मी ठसकत होतेच. मग तिने स्लो जेट, म्हणजे हळू चालताना पेट्रोल सोडणारी बारीक नळी, काढला. तो गरजेपेक्षा मोठा होता. हळू चालताना मी पेट्रोलमध्ये बुडत होते. तिने लहान जेट घातला, प्लग बदलला आणि हवेचा स्क्रू केसाकेसाने फिरवत राहिली. दुपार टळली तेव्हा माझा आवाज एकसारखा झाला. तिने वीरधवलला मला गल्लीत चालत्या माणसाबरोबर चालवायला लावलं. दहा फेऱ्या झाल्या. मी एकदाही बंद पडले नाही.

"याला अर्धा दिवस लागला," परवीन म्हणाली. "तुमाला तेवढाबी टाइम नव्हता?"

मी घरी परतले तेव्हा सुभेदार बाहेर आले नाहीत. मित्रांनो, बाप-लेकाची गळाभेट झाली असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. पण सुभेदारांनी मागेच बोलावलेला भंगारवाला आला, तेव्हा अंजनाबाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं आणि सुभेदारांनी त्याला माघारी बोलावलं नाही.

पायाचा पट्टा सुटल्यापासून वीरधवल त्यांना रोज व्यायामासाठी दवाखान्यात नेतो. सुभेदार मागे बसतात, पण मुलाच्या खांद्याला हात लावत नाहीत. मागच्या स्टेपनीला घट्ट धरून बसतात. खड्डा आला की वीरधवल वेग अगदी कमी करतो आणि मी धडधडत राहते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना नवं रूप जरूर द्या. वेगात पळायला मलाही आवडलं होतं. पण त्या वस्तूवर कुणाचा पाय, कुणाचा हात, कुणाचा रोजचा दिवस टेकलेला आहे, त्याला आधी जाऊन विचारा. आणि चूक झालीच, तर दुरुस्तीला लगेच न्या. माझा जोड सपाट करायला एक पॉलिश पेपर पुरला. सुभेदारांचा हात स्टेपनीवरून अजून सुटलेला नाही.