हैदराबादची दरखास्त

हैदराबादच्या कॉलेजच्या प्रवेशाची दरखास्त महांतप्पानं टपालात टाकलीच नाही. परसातल्या चुलीवर पाणी तापत होतं, त्या चुलीत ती घातली आणि वडिलांना सांगितलं, "टाकली."

धोंडप्पांना मुलगा उर्दूत शिकून निजाम सरकारच्या कचेरीत बसलेला पाहायचा होता. महांतप्पाचं मन पुण्याकडं होतं. तिथल्या एका कॉलेजात वर्षभर नाटकाच्या तालमी चालतात, आवाज कसा लावायचा, रंगमंचावर उभं कसं राहायचं हे शिकवणारे एक प्राध्यापक आहेत, असं सोलापूरच्या मामेभावाकडून ऐकल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. तिकडं त्यानं गुपचूप अर्ज धाडला होता.

पुण्याचं बोलावणं आलं. हैदराबादचं उत्तर येणार कुठून? धोंडप्पांचा संशय बब्रुवान मास्तरांवर गेला. मास्तरांनी दोन वर्षं रोज पहाटे महांतप्पाला उर्दू शिकवलं होतं, एक पैसा न घेता. दरखास्तही त्यांनीच लिहून दिली होती. पण त्यांचा भाचाही त्याच कॉलेजात जाणार होता, म्हणून त्यांनी ती मुद्दाम चुकीची लिहिली असं धोंडप्पांना वाटलं.

तामलवाडीच्या भर चावडीत धोंडप्पा म्हणाले, "मास्तर, भाच्याची सोय लावायला माझ्या पोराचं वाटोळं केलंत."

मास्तरांनी बापाशेजारी उभ्या असलेल्या महांतप्पाकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मास्तर काही न बोलता निघून गेले.

वर्ष वाया जायला नको म्हणून धोंडप्पांनी त्याला पुण्याला पाठवलं. पहिल्याच नाटकात त्याला चांगली भूमिका मिळाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्राध्यापकांनी पाठ थोपटली. महांतप्पाला मात्र चावडीतली ती नजर आठवत राहिली.

दिवाळीला तो घरी आला तेव्हा कळलं, गावानं मास्तरांकडं पोरं पाठवणं बंद केलं होतं. ते बिऱ्हाड घेऊन निजामाच्याच मुलखातल्या वाशी गावाला गेले होते. जेवताना आई, गंगम्मा, हे सांगत होती. तो ताटावरून उठला, वडिलांच्या दुकानात गेला आणि त्यांना सगळं सांगून टाकलं.

धोंडप्पांनी दुकानाला कुलूप लावलं. मग म्हणाले, "मला सांगून काय होतंय? ज्याला बोललो, त्याच्याकडं चल."

वाशीला मास्तर एका पडवीत पोरांना पाढे शिकवत होते. धोंडप्पांनी डोक्यावरचा पटका काढला आणि पोरांदेखत हात जोडले. महांतप्पानं मास्तरांचे पाय धरले.

"दरखास्त गेलीच न्हाय हे टपालवाल्याला विचारलं तवाच मला कळलं होतं," मास्तर म्हणाले.

"मग बोलला का न्हाईत?" महांतप्पानं विचारलं.

"बोललो असतो तर यांनी तुला पुण्याला जाऊ दिलं असतं का?"

धोंडप्पांनी त्यांना गावी परत येण्याची विनंती केली. मास्तर हसले. "न्हाय आप्पा. त्या चावडीसमोरनं आता माझ्यानं चालवणार न्हाय."

परतीच्या वाटेवर गाव दिसू लागल्यावर धोंडप्पा म्हणाले, "नाटक सोडू नको आता. त्यापायी एका माणसाचं गाव सुटलंय."

महांतप्पानं नाटक सोडलं नाही. पुण्याहून तो दर महिन्याला मास्तरांना पत्र लिही. उत्तरं येत. मास्तर त्याच्या तालमींची चौकशी करत, नवी भूमिका कोणती ते विचारत. तामलवाडीबद्दल मात्र त्यांनी कधी एक अक्षरही विचारलं नाही.