उशिराचं कारण

आमचे हे कारखान्यात लेथ चालवतात. तिथे त्यांना ‘साखरझोपे’ म्हणतात, हे मला गेल्या रविवारी कळलं. त्यांचे साहेब घरी आले होते, त्यांनीच सांगितलं.

“वहिनी, फोरमनची जागा रिकामी आहे. याच्यासारखा हात कुणाचा नाही. पण रोज पंधरा मिनिटं उशीर. विचारलं तर म्हणतो, डोळाच उघडत नाही. तुम्ही तरी वेळेवर उठवा याला.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस पाचला उठतो. पाच वर्षांपूर्वी संधिवातानं माझी बोटं वाकली, तेव्हापासून माझी आंघोळ, माझी बटणं, माझी वेणी, सगळं ह्यांच्याकडे. पहिल्या वेण्या अशा, की आरशानं तोंड फिरवावं. आता हात बसलाय. पण एकदा थोरल्या दिरांनी पाहिलं आणि ह्यांना म्हणाले, “आता बांगड्या भर.” झालं, तेव्हापासून हे आमच्या घरातलं सगळ्यात मोठं गुपित. आळशी म्हणवून घेतील, पण बायकोचे केस विंचरतो म्हणून सांगणार नाहीत.

“चहा फक्कड झालाय, वहिनी,” साहेब म्हणाले. चहाही ह्यांचाच होता. मी कौतुक खुशाल पदरात पाडून घेतलं.

हे मला डोळ्यांनी ‘गप्प राहा’ म्हणत होते. तेव्हा मात्र मला राग आला. फोरमनकी जाणार ती माझ्यापायी, आणि माझं नावसुद्धा निघणार नाही. लाज माझ्या आजाराची की स्वतःच्या हातांची, देव जाणे.

मी वेणीचा रबर ओढला. सोडायचं काम माझ्या बोटांना जमतं. केस मोकळे केले आणि ह्यांच्याकडे पाठ करून बसले. “अहो, सुटली. घाला ना.”

साहेबांचा कप तोंडाजवळच राहिला. मला वाटलं, चुकलं आपलं, आता हे उठून आत जातील. गेलेच. पण फणी घेऊन परत आले.

तीन पेड पाडले. मग म्हणाले, “साहेब, झोपतबिपत नाही मी. सकाळी हिचं सगळं मी करतो. फोरमन करा नाहीतर नका करू, उशीर होणारच.”

माझे डोळे भरून आले. हे पाठीमागे होते, त्यांना दिसलं नाही. साहेबांना दिसलं. ते उठले, लेथवरून उतरलेला नट तपासावा तशी माझी वेणी मागून पाहिली आणि म्हणाले, “फोरमन, उद्यापासून वीस मिनिटं घे. घाईत वाकडी होतेय.”