आशादायक पट्टा

आमच्या ऑफिसात 'तयार' हा शब्द शिवीसारखा होता. कोणाच्या तोंडून निघालाच, तर दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना डोनट खायला घालायचे, असा आमच्या मालकांचा, पीएचडीवाल्या डॉक्टर व्हिटसेट यांचा नियम. म्हणायचं 'आशादायक'. यंत्र आशादायक, निकाल आशादायक, झाडावर आपटून पडलेलं ड्रोनसुद्धा आशादायक. मी तिथे दारातल्या टेबलावर बसते, पाहुण्यांना बिल्ले देते आणि काचेच्या कपाटावरची धूळ पुसते. त्या कपाटात कंपनीने आजवर शोधलेल्या वस्तू मांडून ठेवल्या आहेत. त्यातली एकही कधी कुठल्या सैनिकाच्या हातात गेलेली नाही.

आमच्या हंट्सविल शहरात अशा कंपन्या पैशाला पासरी. छोट्या उद्योगांनी लष्करासाठी काही नवं शोधावं म्हणून सरकार पैसे देतं. पहिल्या टप्प्यात दाखवायचं की ही गोष्ट होऊ शकते. दुसऱ्यात ती करायची. तिसऱ्यात ती विकायची आणि आपल्या पायावर उभं राहायचं, कारण तिथे संशोधनाचा पैसा बंद होतो. म्हणून आमच्याकडे तिसरा टप्पा कधी उजाडतच नाही. एक कल्पना चघळून झाली की दुसरी, पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टर माणूस म्हणून वाईट वाटत नसत, हीच तर पंचाईत. रविवारी चर्चमध्ये गात, आणि माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी गरम जेवण घेऊन आले होते.

मग तमेका बॅस्किन आली. आधी ती नॅशनल गार्डच्या, म्हणजे राखीव फौजेच्या, हेलिकॉप्टरमधून जखमींना आणायची, नंतर इंजिनिअर झाली. नोकरीच्या मुलाखतीला आली तेव्हाच तिच्या डोक्यात हा पट्टा होता. हेलिकॉप्टरमध्ये आवाज इतका की पेशंटचा श्वास ऐकू येत नाही, वरून ब्लँकेट, त्यात दिवे बंद. छाती हलतेय की हेलिकॉप्टर हलतंय, काही कळत नाही. हा पट्टा छातीला बांधायचा. श्वास चालू असेल तर हिरवा ठिपका, थांबला की लाल. बस, एवढंच.

पहिल्या टप्प्यात फक्त कागद रंगवायचे असतात, हे तिला कोणी सांगितलंच नाही. तिने सरळ पट्टे बनवले. चांगले सहा. ही चूक आमच्याकडे फक्त नवा माणूसच करू शकतो.

तिची जुनी तुकडी त्या हिवाळ्यात परदेशी निघणार होती. डॉक्टरांनी तिला शब्द दिला होता, सरकारी माणसाला एकदा पट्टा दाखवून होऊ दे, मग सहाही पट्टे तुझ्या लोकांना वापरून बघायला दे. ती त्या शब्दावर जगत होती म्हणा ना. तुकडीतला सार्जंट ड्वेन टिडमोर मला सारखा फोन करायचा. इकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने 'मिस'च म्हणतात. "मिस वाइनेल, आमची खेळणी झाली का?"

"आशादायक आहेत, बाळा," मी म्हणायची.

"म्हणजे नाही झाली."

"म्हणजे झालीयत. पण तसं म्हणायचं नसतं."

सरकारी माणूस आला. फेल्डकँप नावाचा, साधा, जरा दमलेला. तमेकाने स्पीकरवर हेलिकॉप्टरचा आवाज लावला, इतका मोठा की माझ्या टेबलावरचे बिल्ले थरथरायला लागले. मी दारात जाऊन उभी राहिले. तिने पट्टा डॉक्टरांच्याच छातीला बांधला आणि त्यांना श्वास रोखायला लावला. लाल. सोडायला लावला. हिरवा. फेल्डकँप लहान मुलासारखा हसला. त्याने स्वतः बांधून पाहिला. मग आवाज बंद झाल्यावर त्याने विचारलं, "आता काय काय राहिलंय?"

डॉक्टर बोलायच्या आत तमेका म्हणाली, "काही नाही, सर. तयार आहे. घेऊन जा."

फेल्डकँपने छातीवरचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला.

"मॅडम," फेल्डकँप म्हणाला, "तयार असेल तर मी पैसे कशाचे देऊ? माझ्याकडे आहे तो संशोधनाचा पैसा. तयार वस्तू विकत घेणारं ऑफिस वेगळं."

"मग त्यांना सांगा."

"त्यांनी मागितलेल्या वस्तूंत असा पट्टा नाही. मागायचा ठरवला, तरी वर्षं जातील."

"म्हणजे हा चालला नसता, तर तुम्ही पैसे दिले असते?"

"असं नका बोलू," तो म्हणाला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

डॉक्टरांनी तमेकाच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरगी दमलीय हो. तिला म्हणायचंय, पुढच्या टप्प्यासाठी तयार. प्रश्न तर अजून खंडीभर आहेत. टोकाच्या परिस्थितीत पट्ट्याचं काय होतं, तेच आम्हाला माहीत नाही."

"मग ते बघा ना," फेल्डकँपच्या जिवात जीव आला. "ते बघा आणि लिहून पाठवा."

सोमवारी मी दार उघडलं तर सगळीकडे जळक्या रबराचा वास. लॅबमध्ये डॉक्टर शर्टाच्या बाह्या दुमडून चाचणीच्या भट्टीपाशी बसले होते. बाजूच्या ट्रेमध्ये पाच पट्टे, वितळून एकमेकांना चिकटलेले. सहावा आत होता. काचेतून त्याचा ठिपका दिसत होता. माझ्या मागोमाग तमेका आली.

"डॉक्टर, हे काय करताय?"

"मर्यादा शोधतोय. चिवट केलायस हं. मीठपाण्यात बुडवले, गाडीखाली घातले, तरी चालूच. शेवटी भट्टीत घातले."

तिने भट्टीचा काटा पाहिला. "एवढ्या उष्णतेत पेशंट आधी शिजून निघेल."

"अहवालात पेशंट नसतो, तमेका. अहवालात पट्टा असतो."

"हे सहा ड्वेनच्या लोकांना द्यायचे होते. तुम्ही शब्द दिला होता."

"आणि तू 'तयार' म्हणालीस," तो शांतपणे म्हणाला. "तुझ्या लोकांनी हे तिकडे वापरले असते, तर फेल्डकँपला मी कुठलं संशोधन दाखवलं असतं? दुसरा टप्पा मिळू दे. साठ बनवू."

आत ठिपका विझला. त्याने वेळ लिहून घेतली आणि समाधानाने पेनचं टोपण लावलं. इतकी वर्षं मी त्या माणसाला अहोजाहो करत आले. त्या सकाळपासून मनातल्या मनात मी त्याला अरेतुरेच करते. त्याने आणलेलं जेवण आम्ही चाटूनपुसून खाल्लं होतं.

पुन्हा बनवावे म्हटलं तर पट्ट्याची रचना कंपनीच्या मालकीची आणि सुटे भाग कंपनीच्या कुलपात. तमेकाने राजीनामा दिला. तो त्याने फार प्रेमाने स्वीकारला आणि तिला शिफारसपत्रही दिलं. दुसरा टप्पा मिळाला. त्याची मेजवानी झाली, ऑफिसच्या मागच्या अंगणात धुरावरचं डुकराचं मांस, पांढऱ्या सॉससकट. त्याने सगळ्यांसमोर तिचे आभार मानले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी माझी ताटली तशीच कचऱ्यात टाकली. नोकरी मात्र सोडली नाही, नवऱ्याचा आजारपणाचा विमा तिथूनच आहे. तुम्हाला काय वाटायचं ते वाटो.

तुकडी निघायच्या आधीच्या शनिवारी तमेकाचा फोन आला. "मिस वाइनेल, मला एकटीने जायचं नाहीये." मी गाडी काढली.

तुकडीच्या हेलिकॉप्टरांच्या हँगरमध्ये ड्वेनने नव्या मुलांना गोल करून बसवलं होतं. तिच्या हातात काही नाही हे त्याने पाहिलं आणि विचारलं नाही. एक मुलगा जखमी म्हणून स्ट्रेचरवर आडवा झाला. तमेका त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली.

"हातमोजा काढायचा," ती म्हणाली. "हाताची मागची बाजू जिभेने ओली करायची आणि त्याच्या तोंडाजवळ धरायची. गार लागलं की श्वास आहे."

सगळ्यांनी करून पाहिलं. एका मुलीने हात वर केला. तिच्या चेहऱ्यावर अजून शाळेतले मुरूम होते.

"मॅडम, आणि थंडीने हात बधिर झाला असेल तर? काहीच कळलं नाही तर?"

ड्वेन दुसरीकडे बघत राहिला.

"तर त्याच्याशी बोलत राहायचं," तमेका म्हणाली. "खाली उतरेपर्यंत तो जिवंत आहे असंच धरायचं. उतरल्यावर हॉस्पिटलचे लोक सांगतात, तू केव्हापासून एकटीच बोलत होतीस."