थेट इकडेच आलो

आमचे हे लिफ्ट तपासतात. उंच इमारतींमध्ये जायचं, तार झिजलीय का, ब्रेक वेळेवर लागतो का, दार बंद होताना मध्ये हात आला तर थांबतं का, ते बघायचं आणि खाली सही करायची. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाचा स्वभाव दुसरा काय होणार? घरात नवी इस्त्री आली तरी ती आधी उलटी करून बघतात. मी दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळ देते, फोन घेते. आमची लेक अकरा वर्षांची. वाद घालण्यात इतकी पटाईत की घरात तिला सगळे वकीलच म्हणतात.

कुत्रं हवं, हा तिचा खटला तीन वर्षं चालला होता. शेवटी यांनी हात टेकले, पण आणायचं तर नीट चौकशी करूनच, असं बजावलं. मग दोन महिने हे त्याच विषयात बुडाले. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडायचं नाही. आई समोर दाखवत नसतील त्या घरून घ्यायचं नाही. लशीच्या कार्डावर बाटलीचं लेबल आणि डॉक्टरची सही हवी. डोळे, नाक, कान, हिरड्या, शेपटीखालची जागा, सगळं बघायचं. जेवताना हे असं काही सांगायला लागले की वकील खूश आणि माझा घास तोंडात फिरायचा.

चौकशीअंती दोन पत्ते हाती आले. दोन्ही एकाच दिशेला, चार तासांच्या अंतरावर. एका रविवारी वकिलाला तिच्या आत्याकडे ठेवून आम्ही दोघं निघालो. एका दगडात दोन पक्षी, असं हे म्हणाले.

पहिली जागा एका गोदामामागे होती. पत्र्याची शेड, जाळीचे पिंजरे, आणि फिनेलचा इतका भपकारा की डोळे चुरचुरले. मालक तोंडाचा गोड. पिल्लांची आई विचारली तर ती दुसऱ्या गावी आहे म्हणाला. कोपऱ्यात एक पिल्लू मान टाकून पडलं होतं. आत्ताच खाल्लंय, सुस्तावलंय, असं त्याचं म्हणणं. हे ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसले, त्या पिल्लाची हिरडी बोटाने दाबून बघितली, कार्ड मागितलं. कार्डं होती, पण कोरी. यांनी उठून नमस्कार केला आणि आम्ही बाहेर पडलो. गाडीत यांची कळी खुललेली. विचारलं म्हणून कळलं, असं दोनदा म्हणाले. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

तासाभराने दुसरं घर आलं. तिथल्या बाई अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात नर्स होत्या, आता निवृत्त. वर्षातून एकदाच पिल्लं काढायच्या, तीही घरातल्या मागच्या खोलीत. वरच्या मजल्यावर त्यांची धाकटी बहीण राहायची. नर्सबाईंनी आम्हाला दारातच थांबवलं. चपला-बूट बाहेर काढायला लावले, अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मी टॉवेलला हात पुसत होते तेव्हा त्यांनी यांना विचारलं, "आज आणखी कुठे पिल्लं बघून आलात का?"

"छे," हे म्हणाले, "थेट इकडेच आलो."

मी ऐकलं आणि गप्प बसले. मला वाटलं, बरोबरच आहे. चार गाड्यांवर भाव विचारत फिरणाऱ्या गिऱ्हाइकासारखं कशाला दिसायचं? यांनाही तेच वाटलं होतं, तसं ते नंतर म्हणाले. दवाखान्यात रोज मी माणसं बघते. दातांची माती झालेली असते आणि डॉक्टरने विचारलं की दोन्ही वेळा घासतो म्हणून सांगतात. कुणाचं वाईट करायचं म्हणून सांगत नाहीत. समोरच्याला बरं वाटावं, आपली लाज राहावी, एवढंच.

मागची खोली आरशासारखी स्वच्छ होती. आई तपकिरी, लांब कानांची, शांत डोळ्यांची. सहा पिल्लं, सात आठवड्यांची. पहिली लस आठवड्यापूर्वी दिलेली, कार्डं लेबल-सहीसकट. हे मांडी घालून खाली बसले आणि सहाच्या सहा त्यांच्या अंगावर चढली. एकाने पँटचा गुडघा चावायला घेतला. तेच आम्ही ठरवलं.

पुढच्या शनिवारी आणायला गेलो, या वेळी वकिलासह. प्रवासाची तयारी म्हणाल तर परदेशी पाहुणा यायचा होता असं वाटावं. प्लास्टिकचा पिंजरा मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेला, आत वर्तमानपत्रं आणि जुने टॉवेल. सकाळचं खाणं निघण्याआधी तीन तास उरकायचं, म्हणजे गाडीत ओकणार नाही, असं यांनी नर्सबाईंना फोनवर कळवलेलं. त्यांनी आईच्या अंगाखालची एक चादर फाडून तुकडा दिला. वाटेत दोनदा थांबलो, पण पिल्लाला जमिनीवर ठेवू दिलं नाही. सगळ्या लशी होईपर्यंत परक्या मातीला पाय लावायचा नाही. वकील त्याला मांडीवर घेऊन गाडीतच बसली आणि बत्तीस नावं सुचवली. सोमवारी सकाळची डॉक्टरची वेळही घेऊन ठेवली होती.

पण रविवारी सकाळी पिल्लाने वाटीला तोंड लावलं नाही. आईची आठवण येत असेल, मी म्हणाले. दहाच्या सुमाराला ओकलं, पिवळं, फेसाळ. अकराला पुन्हा. मग जुलाब झाला आणि त्यात रक्त दिसलं. हे उठले. गाडीची किल्ली घेतली.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी काडीवर त्याची थोडी शी घेऊन तपासणीच्या पट्टीवर लावलं. दहा मिनिटं आम्ही चौघं त्या पट्टीकडे बघत उभे. एक रेघ आली, मग दुसरी.

पार्वो, डॉक्टर म्हणाल्या. आतड्यांचा रोग. विषाणूवर थेट औषध नाही, सलाईन लावायची, ओकारी थांबवायची, अंगातलं पाणी टिकवायचं आणि वाट बघायची. लस दिली होती ना, असं वकिलाने विचारलं. डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण हळूहळू संपतं आणि ते संपेपर्यंत लस पक्की धरत नाही. एक छत्री मिटत आलेली, दुसरी उघडलेली नाही, अशा मधल्या दिवसांत हे पिल्लू सापडलं.

"रोगाची लागण होऊन आठवडा झाला असेल," त्या म्हणाल्या. "गेल्या रविवारच्या आसपास. आजारी कुत्र्यापाशी कुणी जाऊन आलं होतं का? हा कपड्यांवरून येतो, बुटांवरून येतो. साध्या साबणाने मरत नाही."

यांनी खाली बघितलं. मला वाटलं बूट बघतायत. ते स्वतःचे गुडघे बघत होते.

मग त्यांनी सांगितलं. शेड, कोपऱ्यातलं पिल्लू, ओली जमीन, तासाभराने तीच पँट. डॉक्टर म्हणाल्या की खात्रीने काहीच सांगता येणार नाही, इतर कुठूनही आला असेल. त्या चांगल्या मनाने म्हणाल्या. पण आमची लेक बापाकडे बघत होती, आणि त्या दिवशी प्रथमच तिला एकही प्रश्न सुचला नाही.

पिल्लाला वेगळ्या खोलीत ठेवलं. आत जायची परवानगी नाही, दारातल्या काचेतून बघायचं. पुढच्या पायाला पट्टी, त्यातून नळी. हे काचेला कपाळ लावून उभे राहिले. ज्या माणसाने बाविसाव्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट हाताने खाली आणलीय, त्याला इथे करण्यासारखं काही नव्हतं. सलाईन बरोबर पडतेय का एवढं त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मदतनीस बाईने त्यांना खुर्ची आणून दिली.

दवाखान्याच्या अंगणातून यांनी नर्सबाईंना फोन लावला. पिल्लाला पार्वो झालाय, बाकीच्यांना लगेच दाखवा, म्हणाले. पलीकडून त्यांनी सांगितलं की सकाळपासून दोघं खात नाहीयेत, आणि फोन ठेवला. शेडचं हे बोललेच नाहीत. मी समोर उभी होते. मीही म्हणाले नाही की सांगा.

सोमवार, मंगळवार तसेच गेले. घरात ब्लीच घालून फरशी पुसली, टॉवेल जाळले, गाडीची सीट तीनदा धुतली. हात धुऊन धुऊन यांच्या बोटांना भेगा पडल्या. ती पँट तर यांनी रविवारीच फेकून दिली होती. त्याने काय होणार होतं?

बुधवारी दुपारी नर्सबाईंचा फोन आला. हे जेवायला घरी आले होते. फोन स्पीकरवर होता. तीन पिल्लं गेली होती. दोघांची झुंज चालू होती. आवाज अगदी सपाट, वॉर्डातली नोंद वाचून दाखवावी तसा. मग त्या म्हणाल्या की हे कुठून आलं याचा विचार करून करून डोकं फुटायची वेळ आलीय. बाहेरचं तुमच्याशिवाय कुणी आलं नाही, आणि तुम्ही तर थेट आला होतात. राहिली वरची बहीण. ती गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालते. कितीदा सांगितलं होतं तिला. आता तिला खाली पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलंय. ती वर रडत बसलीय, रडू दे.

हे माझ्याकडे बघत राहिले. माझी मान हलली की नाही, आठवत नाही. मी म्हणाले, "सांगा."

"बाई," हे म्हणाले, "त्या दिवशी आम्ही आधी एका ठिकाणी जाऊन आलो होतो. तिथे एक पिल्लू आजारी होतं. मी त्याला हात लावला होता."

 पलीकडे कुठेतरी नळ चालू होता, तेवढा ऐकू येत होता.

"मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग?"

"वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

 मग त्या म्हणाल्या, "तुम्ही हो म्हणाला असतात तर मी एवढंच म्हटलं असतं की पुढच्या रविवारी या."

यांनी मी येतो म्हटलं, साफसफाई करतो, पिल्लांना दवाखान्यात नेतो, जे सांगाल ते करतो. बाई म्हणाल्या, "तुम्ही येऊ नका. तुमच्या घरात आत्ता तोच रोग आहे. मदत म्हणून आलात तरी घेऊन तोच याल." ते खरंच होतं. माफी मागायला दारात उभं राहायची सुद्धा सोय उरली नव्हती.

ताट तसंच राहिलं. हे कामावर गेले. संध्याकाळी वकिलाला समोर बसवून त्यांनी सगळं सांगितलं, तो प्रश्न आणि ते उत्तरही. तिने विचारलं, "बाबा, तू घाबरला होतास का?" नाही, ते म्हणाले. घाबरलो असतो तर एक वेळ समजलं असतं. ती उठून खोलीत गेली. मग मी तिला सांगितलं की मी पण तिथेच होते. तिने दार लावून घेतलं.

आमचं पिल्लू वाचलं. शुक्रवारी त्याने चमचाभर पातळ खाणं पोटात ठेवलं, रविवारी उभं राहिलं, मंगळवारी घरी आलं. बरंच वजन गेलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात. आम्हाला आनंद झाला, पण तो कुणासमोर दाखवायची चोरी. नर्सबाईंची दोन वाचली आणि महिनाभराने ठरलेल्या घरी गेली. आई कुत्री रिकाम्या खोलीत फिरून कोपरे हुंगते, एवढं त्या एकदा बोलता बोलता म्हणाल्या.

वकिलाने निकाल दिला की आपलं पिल्लू त्यांना परत द्यायचं. ती तीन दिवस रडली आणि तरी त्यावर ठाम राहिली. यांनी फोन करून विचारलं. बाई म्हणाल्या, "नको. या जागेत वर्षभर लहान पिल्लू आणता येणार नाही. खोली रिकामीच ठेवलीय. त्याला नीट वाढवा, दुसरी लस डॉक्टर सांगतील त्या दिवशी द्या, चुकवू नका." यांना वरच्या बहिणीबद्दल विचारायचं होतं. तोवर फोन बंद झाला होता.

शेवटी यांनी बहिणीच्या नावाने एक पत्र लिहिलं. चार ओळी: चूक माझी, तुमचा काही संबंध नाही, ताईंना मी सांगितलंय, तुम्हालाही सांगतो. ते पोस्टाच्या पेटीत टाकायला आम्ही दोघं गेलो. त्याला उत्तर आलं नाही. त्या दोघी आता एकमेकींशी बोलतात का, आम्हाला माहीत नाही, आणि ते कळण्याचा मार्गही नाही.

पिल्लू आता पाच महिन्यांचं आहे. देखणं आहे, रस्त्यात लोक थांबतात, कान कुरवाळतात, कुठून आणलंत, आम्हालाही पत्ता द्या, म्हणतात. पत्ता देण्यासारखा राहिलेला नाही. मग हे तिथेच फुटपाथवर उभं राहून त्यांना सांगायला लागतात, की एका दिवशी दोन घरी जाऊ नका, आणि गेलातच तर दुसऱ्या दारात खरं ते सांगा. का, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतात. लोक हो हो करतात, घड्याळ बघतात, निघून जातात. पिल्लू पुढे ओढत असतं. मी दोरी धरून थांबते.