नमुन्यासाठी ठेवलेली ट्यूब

मी एक रिकामी ट्यूब आहे, मित्रांनो. माझ्या पोटात औषधाचा थेंबही उरलेला नाही, तरी दोन वर्षं मला कुणी टाकून दिलं नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात, एका घराच्या खिडकीशी ठेवलेल्या मण्यांच्या पत्र्याच्या डब्यात मी राहत होते. रिकाम्या वस्तूला त्या घरात जागा का मिळाली, तेवढंच मला सांगायचं आहे.

कारखान्यात माझ्यात पांढरं मलम भरलं. त्याला स्टेरॉइड म्हणतात. कातडीची आग, सूज, खाज ते झपाट्यानं उतरवतं. औषध जोरकस असतं, म्हणून ते कुठं, किती आणि किती दिवस लावायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. माझ्या अंगावर तसं छापलंही होतं, पण बारीक अक्षरात आणि इंग्रजीत.

मला पहिल्यांदा हातात घेतलं ते शहनाजनं. हळदीच्या हंगामात ती हळकुंडं निवडायला जायची आणि घरी आली की भांड्यांच्या पावडरीत हात घालायची. तिचे तळहात इतके फुटले होते की भाकरी थापताना पिठावर रक्ताचे ठिपके उमटत. हिंगोलीच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी मला लिहून दिलं. शहनाजच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत त्यांनी मलमाची एक वळी काढून दाखवली.

"एवढीच. दोन्ही तळहातांना पुरते. दिवसातून एकदा, पंधरा दिवस. मग मला दाखवायला या. तोंडाला नाही, पापण्यांना नाही, आणि घरात दुसऱ्या कुणालाही नाही."

"व्हय बाई," शहनाज म्हणाली. आणि स्वतःपुरतं तिनं ते तंतोतंत पाळलं. तळहात मऊ झाले. गल्लीतल्या बायकांना ती हात पालथे-उलथे करून दाखवायची. "जादू हाय ही ट्यूब!" असं कौतुक माझ्या वाट्याला आलं आणि मीही फुलून गेले. डॉक्टरीणबाईंकडे मात्र ती परत गेली नाही. बऱ्या झालेल्या हाताचं काय दाखवायचं, असं तिला वाटलं.

मी संपले. शहनाजनं मला शेपटाकडून गुंडाळलं आणि मण्यांच्या डब्यात ठेवलं. या भागातली ही रीतच आहे. चिठ्ठी हरवते, दवाखाना लांब असतो, म्हणून रिकामी ट्यूब नमुना म्हणून जपायची. दुकानात नमुना दाखवला की तशीच दुसरी मिळते.

तो डबा होता शहनाजच्या मुलीचा, गुलनाजचा. गुलनाज आरीवर्क करायची. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडात आकड्याची सुई खुपसून मणी आणि जरीचा धागा ओवायची. सेनगावाहूनसुद्धा नवऱ्यामुलींचे ब्लाऊज तिच्याकडे येत. एका उन्हाळ्यात तिच्या पापण्या खाजू लागल्या, पापण्यांचे पापुद्रे निघू लागले. शहनाजनं तिची हनुवटी उचलून पाहिलं.

"काहून सांगितलं न्हाई गं? माझे हात बघ कसे झाले. घरात औषध असून लेकरू खाजवून राहिलं!"

मला पर्समध्ये घालून ती योगेशच्या मेडिकलवर गेली.

"योगेशभाऊ, हीच पायजे. दुसऱ्या कंपनीची चिटकवू नको, सांगून ठेवते."

"चाची, तुमी नमुना दाखवला की माझं काम संपलं," योगेश हसला. औषध हाताला हवं की डोळ्याला, हे त्यानं विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

शहनाज लहानपणापासून लेकीच्या डोळ्यांत स्वतःच्या हातानं सुरमा घालायची. आता त्याच हातानं ती मलम लावू लागली. "डोळे मिट बेटा," म्हणायची आणि करंगळीवर मोहरीएवढं घेऊन पापण्यांवरून फिरवायची. थोडंच लावलं तर धोका नाही, असं तिला वाटे. पण मित्रांनो, पापणीची कातडी अंगातली सगळ्यात पातळ. तिच्यातून माझं औषध आत झिरपतं. महिनोन्‌महिने लावत राहिलं, तर डोळ्याच्या आतला दाब वाढू शकतो. तो दुखत नाही, लाल होत नाही, काहीच कळू देत नाही.

खाज लगेच थांबली. लावणं सोडलं की दुपटीनं उसळायची. "बघ, बंद केली की सुरू होतंय. म्हंजे औषध लागू पडून राहिलं," शहनाज म्हणायची. मग मी पुन्हा पर्समध्ये, पुन्हा योगेशच्या काउंटरवर. माझं तोंड दाखवून माझ्या किती बहिणी त्या घरात आल्या, मी मोजलं नाही.

पुढे गुलनाजच्या डाव्या हाताशी ठेवलेली मण्यांची वाटी सांडू लागली. सगळे मणी जमिनीवर.

"आंधळी हाय का गं?" शहनाज हसून म्हणायची.

"अम्मी, तूच वाटी सरकवून ठेवतीस!"

"मी? तुझं ध्यान आत्ताच सासरी जाऊन बसलं, ते सांग की!"

दोघी हसत हसत मणी वेचायच्या. दाराच्या चौकटीला गुलनाजचा डावा खांदा लागायचा, त्यावरही थट्टा व्हायची. डब्यातून मी ते हसणं ऐकत होते.

मग सपना आली. शेजारच्या गल्लीतली, गुलनाजची शाळेतली मैत्रीण. लग्नाचा ब्लाऊज न्यायला आली होती. "गुलनाज, सगळं लई भारी झालं. पण डाव्या बाहीला कडेची वेल राहिली की गं. इसरलीस का?"

गुलनाजनं बाही पाहिली. काहीतरी खटकलं असावं. तिनं उजवा डोळा तळहातानं झाकला.

"सपना," ती हळूच म्हणाली, "तू गेलीस का?"

सपना तिच्या डाव्या बाजूला, हाताच्या अंतरावर बसलेली होती.

हिंगोलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. काचबिंदू. डाव्या डोळ्याची नस बरीच सुकली होती, उजव्याची सुरुवात होती. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली राखायला रोज थेंब घालायचे होते, जन्मभर.

"डोळ्यांना काही लावत होता का?" त्यांनी विचारलं.

शहनाजनं पर्स उघडली आणि मला टेबलावर ठेवलं. "हीच. अस्सल. एकदाबी बदलू दिली न्हाई, साहेब."

डॉक्टरांनी माझ्या अंगावरची बारीक अक्षरं वाचली. "पापण्यांना लावायला कुणी सांगितलं?"

शहनाज म्हणाली, "कुणी न्हाई. मीच लावून देत व्हते. रोज. माझ्या हातानं."

सपनाच्या बाहीवरची वेल दुसरीकडे पुरी झाली. आरीवर्कची चौकट भिंतीला टेकवली गेली. गुलनाज आता मशीनवर सरळ शिलाई मारते.

पुढच्या हळदीत शहनाजचे हात पुन्हा फुटले. ती काहीच लावेना. "नको मला ते," एवढंच म्हणायची आणि फुटल्या हातानं पीठ मळायची. शेवटी गुलनाजच तिला एसटीनं डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी नीट तपासून नवी चिठ्ठी दिली. मलम तेच, जागा तीच, दिवस ठरलेले. शिवाय काम करताना हातमोजे घालायला सांगितलं, आणि परत दाखवायची तारीख दिली.

काल गुलनाजनं नवी ट्यूब उघडली. मान डावीकडे पुरती वळवून तिनं अम्मीचं बोट शोधलं, टोकापासून पहिल्या पेरापर्यंत वळी काढली आणि तळहातावर हलकेच पसरली. शहनाजनं तोंड फिरवलं होतं.

"इकडं बघ अम्मी. इथंच लावायचं. इथंच."

मग गुलनाजनं डब्यातून मला काढलं आणि कात्रीनं मधोमध कापलं. आता मला कुणी दुकानात दाखवू शकणार नाही.

मित्रांनो, मी विष नव्हते. एका बाईच्या हातांना मी खरोखर बरं केलं. पण तुमच्या घरातही कुठल्या तरी डब्यात माझ्यासारखी एखादी नमुन्याची ट्यूब असेल. आई मायेनं म्हणेल, मला गुण आला, तुलाही येईल. तेव्हा तिचा हात धरा. रागावू नका, फक्त धरा, आणि आधी डॉक्टरांना विचारू म्हणा. माझ्या घरात तो हात धरायला कुणी नव्हतं. डोळे मिटून बसलेल्या गुलनाजला तर ती मायाच वाटत होती, आणि ती मायाच होती.