शेवाळाचा नमुना नऊ

आप्पा सोमवारी सकाळी गेले. पण ते राहू दे. तो सोमवार यायला अजून तीन आठवडे आहेत आणि आप्पा अंथरुणात बसून चहा पांचट झालाय म्हणून कुरकुरताहेत.

त्यांची मूत्रपिंडं थकली होती. लेक प्रयोगशाळेत कामाला होती. समुद्री शेवाळ धुवायचं, वाळवायचं, दळायचं, पाण्यात उकळून गाळायचं आणि तो अर्क जांभळ्या द्रावणात थेंब थेंब सोडायचा. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उतरून पिवळा होतो. म्हणजे अँटिऑक्सिडंट भरपूर, सगळे खूश. बाकीच्या अर्कांना अर्धा तास लागायचा. नमुना नऊने दोन मिनिटांत द्रावणाला कावीळ केली.

त्याच संध्याकाळी तिने बाटलीभर अर्क घरी आणला. पथ्याच्या कागदावर केळं, टोमॅटो, बटाटा बंद होते. शेवाळाचं नाव नव्हतं, कारण ते कुणी पिईल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वास मेलेल्या माशाचा येतोय गं."

"मासा नाही आप्पा, शेवाळ आहे."

"म्हणजे माशाच्या अंगणातलं गवत. आण इकडे."

रोज सकाळी अर्धी वाटी. आठव्या दिवशी आप्पा आपले आपण खिडकीपर्यंत गेले आणि समोरच्या बाईला कपडे पिळता येत नाहीत, असं जाहीर करून परतले. लेकीने वहीत लिहिलं : प्रकृतीत सुधारणा, स्वभावात नाही.

मग तो सोमवार आलाच. हृदय थांबलं.

"पोटॅशियम फार चढलं होतं," डॉक्टर म्हणाले. "अशा मूत्रपिंडांत ते आपोआपही चढतं. बाहेरचं काही देत होतात?"

"नाही," ती म्हणाली.

पोटॅशियम मोजायचं यंत्र प्रयोगशाळेत शेजारच्याच खोलीत होतं. नमुना नऊ त्यात कुणी घातला नव्हता. प्रकल्प अँटिऑक्सिडंटचा होता ना. तिने घातला. आकडा असा आला की यंत्र बिघडलंय समजून तिने पुन्हा मोजलं. यंत्र ठणठणीत होतं.

तिने प्रकल्पाच्या प्रमुख मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"किती दिवस दिलंस?"

"एकवीस. मॅडम, मी दिलं नसतं तर ते राहिले असते का?"

"ते मी कशावरून सांगू? तुलनेला काय आहे तुझ्याकडे?"

मॅडम दुष्ट नव्हत्या. त्यांना दुसरं काही बोलताच यायचं नाही.

ती जागेवर येऊन बसली, साहित्य मागणीचा छापील अर्ज ओढला आणि सुवाच्य अक्षरात भरला :

"मा. संचालक यांस सविनय विनंती की, नमुना नऊच्या तुलनेसाठी पुढील साहित्य तातडीने उपलब्ध करून द्यावे. वडील, एक नग. वय एकाहत्तर, मूत्रपिंडे तितकीच निकामी, स्वभाव तोच. त्यांना रोज सकाळी अर्धी वाटी साधे पाणी देण्यात येईल. एकवीस दिवसांनंतर जिवंत आढळल्यास सदर साहित्य परत केले जाणार नाही, याची नोंद घ्यावी."