साहेबाला न मिळालेली तार

आपल्याकडे परीक्षा असली की घरातलं मरणसुद्धा पुढे ढकलतात. ही रीत कोणी घालून दिली देव जाणे, पण पाळतात मात्र सोवळ्याहून कडक. शरयूचे बाबा नागपूरला मंगळवारी गेले, आणि इकडे अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात, तिला ते कळलं पुढल्या सोमवारी, पीएच.डी.चा डिफेन्स, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा झाल्यावर.

सांगितलं तिच्या रूममेटनं, चैत्रालीनं. बसस्टॉपवर आधी तिला मिठी मारली आणि मग म्हणाली, "तुझ्या श्रीरंगदादाचा फोन आला होता मला. काका गेले गं. डिफेन्स होईपर्यंत तुला सांगू नको म्हणाला. आय ॲम सो सॉरी यार."

"अच्छा," शरयू म्हणाली. बस आली, तिनं पास दाखवला, खिडकीपाशी बसली. बाहेर रस्त्याकडेचा बर्फ काळा पडला होता. आठवडाभर आई फोनवर "बाबा झोपलेत" म्हणत होती आणि हिला शंकासुद्धा आली नाही. आत्ताही काहीच वाटत नव्हतं. दात काढल्यावर जबडा बधिर असतो, तसं सगळं अंग झालं होतं.

तिचा प्रबंध सर ह्यूबर्ट लॅन्यनवर होता. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला हा खासदार. हौस कसली, तर प्राचीन थडगी उकरण्याची. उकरून झालं की आपलं नाव आणि साल कोरलेली शिशाची चकती आत टाकायचा नि माती लोटायचा. पुढल्याला कळावं, आधी कोण येऊन गेलं. मग हीच थडगी वाचवा म्हणून पार्लमेंटात यानंच भाषण ठोकलं. त्याच दिवशी गावाकडे त्याच्या मुलीला पुरत होते, आणि साहेब गेला नाही. शरयूनं अख्खं शेवटचं प्रकरण त्यावर उभं केलं होतं. तार होती, आगगाडी होती, तरी गेला नाही. त्याला मेलेल्यांत रस होता, आपल्या माणसांत नाही.

बाबा दर रविवारी विचारायचे, "तुझा साहेब काय म्हणतो?" साहेबाच्या मुलीची हकिकत ऐकून ते म्हणाले होते, "अगं, घरच्यांनी त्याला सांगितलंच नसेल. भाषण होतं ना त्याचं!"

शरयू खदखदून हसली होती. "बाबा, ते इंग्लंड आहे. आपलं नागपूर नाही."

आज परीक्षकांनीही तेच विचारलं, त्याला कळलं होतं याचा पुरावा काय? "तार होती," ती ठासून म्हणाली. त्यांनी पास केलं, पण तेवढी जागा दुरुस्त करा म्हणाले.

घरी येऊन तिनं फोन लावला.

"मला सांगायला हवं होतं, आई. मी आले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं," आई म्हणाली. आवाज पार बसला होता. "त्यांनीच बजावलं होतं दवाखान्यात. पोरीचं होऊ दे आधी, म्हणाले. पास झालीस ना?"

"हो."

"बरं झालं. तेराव्याला तरी पोच."

श्रीरंगनं उद्याचं तिकीट काढलं होतं. चैत्रालीनं तिची बॅग भरायला घेतली, वरणभात वाढून ठेवला. शरयूनं तो खाल्ला आणि लॅपटॉप उघडला. दुसरं करायचं तरी काय, हे तिला सुचत नव्हतं. ते ठासून लिहिलेलं वाक्य तिनं खोडलं. त्या जागी लिहिलं की मुलगी गेल्याची बातमी घरच्यांनी भाषण होईपर्यंत साहेबापासून लपवली असणं शक्य आहे.

अशा विधानाला खाली तळटीप लागते. ही शक्यता कोणी सुचवली, ते सांगावं लागतं. तिनं बाबांचं पूर्ण नाव टाइप केलं, पुढे "वैयक्तिक संभाषण, नागपूर" आणि त्या रविवारची तारीख. मग तिच्या लक्षात आलं की नावाच्या आधी आता आणखी एक शब्द लागतो.

तिनं नावाआधी 'कै.' टाइप केलं. "चैत्राली," तिनं हाक मारली, "बाबा गेले गं."